आगाप मोहोर आणि मागाहूनची थंडी

दिवाळी आटोपून पंधरा दिवस होतात न होतात तोंच बागेंत शिरावें आणि एखाद्या कलमाच्या फांद्यांवर मोहोराचे तुरे बाहेर पडलेले दिसावे, याहून बागाईतदारास अधिक हर्षाची गोष्ट ती कोणती? घरीं परत येईपर्यंत त्याच्या मनांत पेट्या भरून होतात, वाशीच्या बाजारांत पहिल्या आंब्यास येणारा भाव ठरतो, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ताहि फिटून जातो. हा हर्ष अगदींच खोटा असतो असें आमचें म्हणणें नाहीं. आगाप आंब्यास चढा भाव मिळतो हें खरेंच आहे. परंतु तुरा दिसणें आणि फळ पेटींत पडणें यांमध्यें चार-साडेचार महिन्यांचें अंतर असतें, आणि त्या अवधींत थंडी झाडाचा हिशेब पुन्हां एकदां तपासते, ही गोष्ट आपण दरवर्षीं विसरतों.

हिंवाळा सौम्य गेला म्हणजे फळझाडें वेळेपूर्वीं फुलतात, अशी तक्रार हल्लीं जगाच्या अनेक भागांतून ऐकूं येते. तिचा आपल्या हापुसाशीं संबंध कितपत आहे, आगाप मोहोरावर भिस्त किती ठेवावी, आणि तो टिकविण्यास शेतकऱ्याच्या हातीं काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. आम्हीं जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतेंच. तेव्हां शास्त्रज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. वडिलोपार्जित चाळीस कलमांची बाग, तींत खाल्लेली एक ठोकर, आणि त्यानंतर जाणत्यांकडून व पुस्तकांतून समजून घेतलेलें ज्ञान, एवढ्याच भांडवलावर हें लिहीत आहों.

थंड मुलुखांतील झाडांची झोंप

प्रथम ज्या मुलुखांतून ही तक्रार मुख्यत्वें येते, तेथील झाडांची रीत समजून घेतली पाहिजे. सफरचंद, पीच, जर्दाळू, चेरी, बदाम हीं झाडें हिंवाळ्यापूर्वीं पानें गाळतात व निजतात. त्यांच्या फांद्यांवरील कळ्या आदल्या उन्हाळ्यांतच तयार झालेल्या असतात, परंतु त्या मिटलेल्या राहतात. ही झोंप मोडण्यास ठराविक थंडी लागते, आणि ती तासांनीं मोजतात. हिमाचल प्रदेशांत कोटगडच्या बाजूस सॅम्युएल स्टोक्स यांनीं अमेरिकेंतून आणून रुजविलेल्या डेलिशियस जातीच्या सफरचंदास सुमारें ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी हजार-बाराशे तास मिळावी लागते. हे तास भरले म्हणजे कळीची झोंप पुरी झाली. त्यापुढें ती केवळ उबेची वाट पाहत असते.

यावरून दोन प्रकारचें नुकसान संभवतें, व तें वेगवेगळें ओळखलें पाहिजे. हिंवाळा इतका सौम्य गेला कीं थंडीचे तास भरलेच नाहींत, तर कळ्या अर्धवट झोंपेंत राहतात. फुलोरा उशिरां, तुटक व दुबळा येतो. उलटपक्षीं, तास भरले आणि लगेच ऊब पडली, तर झाडें महिनाभर आधींच फुलून येतात. देखावा मोठा रमणीय दिसतो. परंतु पंचांगाप्रमाणें थंडीचे दिवस संपलेले नसतात, आणि एका रात्रींत पारा उतरला कीं सर्व फुलें करपून काळीं पडतात. मिटलेली कळी शून्याच्या खालचे वीस अंशहि सोसूं शकते. तेंच पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या किंवा चेरीच्या फुलास शून्याखालीं दोन अंशांचा गोठा अर्धा तास लागला तरी दहांतील एक फूल मरतें, आणि चार अंशांचा लागला तर दहांतील नऊ मरतात. झाड तेंच, थंडीहि तीच. अवस्था बदलली म्हणून सोसण्याची शक्ति गेली.

परदेशांतील दोन दाखले

अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत आंबट चेरीच्या मोठमोठ्या बागा आहेत. तेथील विस्तीर्ण सरोवरावरून येणारा गार वारा वसंतांत झाडांस उशिरांपर्यंत आंवरून धरतो, आणि हेंच त्यांचें नेहमींचें संरक्षण होय. परंतु २०१२ च्या मार्च महिन्यांत तेथें उन्हाळ्यासारखी ऊब पडली व ती बरेच दिवस टिकली. झाडें फुलण्याच्या मार्गास लागलीं. पुढें एप्रिलांत एकामागून एक गोठविणाऱ्या रात्री आल्या. २०११ सालीं त्या राज्यांत आंबट चेरीचें पीक ७ कोटि किलोंच्या वर झालें होतें. २०१२ सालीं तें सुमारें ५३ लाख किलोंवर आलें. म्हणजे रुपयाचे आठ आणेहि राहिले नाहींत. एक आणा व कांहीं पैसेच काय ते हातीं लागले.

दुसरा दाखला त्याच देशांतील जॉर्जिया राज्यांतील पीचचा. तेथें २०२३ सालीं हिंवाळा ऊबदार गेला, फेब्रुवारींत झाडें लवकर फुललीं, आणि मार्चांत कडक थंडीनें गांठलें. त्या वर्षीं दहांतील नऊ हिश्श्यांहून अधिक पीक बुडालें. फ्रान्स देशांत २०२१ च्या एप्रिलांत असाच प्रकार घडला, तेव्हां तेथील द्राक्षमळ्यांत शेतकरी रात्रभर मेणाचे दिवे पेटवून ओळींमधून जागत होते.

त्या मुलुखांतील बागाईतदार यावर नानाविध उपाय करतात. कोणी वरची गरम हवा खालीं आणणारे मोठे पंखे लावतात. कोणी फुलांवर रात्रभर पाण्याचा तुषार सोडतात. पाणी गोठतांना जी उष्णता बाहेर टाकतें, तिच्यामुळें फूल बर्फाच्या वेष्टनांतहि जिवंत राहतें. नवी बाग लावतांना उशिरां फुलणारी जात निवडतात व खोलगट जागा टाळतात, कारण जड झालेली थंड हवा पाण्याप्रमाणें उताराकडे वाहून तेथें सांठते. हे उपाय जसेच्या तसे आपल्याकडे उचलण्याचें कारण नाहीं. त्यांतून घेण्याजोगा धडा एकच, कीं फुलण्याच्या तारखेवरून पीक ठरत नसतें. फुलल्यानंतर थंडी काय करते, यावरून तें ठरतें.

आंब्याची रीत निराळी

आतां आपल्या हापुसाकडे वळूं. येथें पुष्कळांचा घोंटाळा होतो. सफरचंदाप्रमाणें आंबाहि निजतो व थंडी सरली कीं फुलतो, असें कित्येक समजतात. आंबा सदाहरित आहे; तो पानें गाळून निजत नाहीं. त्याच्या शेंड्यावरच्या डोळ्यांतून पालवी निघावी कीं मोहोर, हें बऱ्याच अंशीं त्या वेळच्या हवेवर ठरतें. काडी पक्व झालेली असेल आणि रात्री गार पडूं लागल्या, तर डोळा फुगून मोहोराचा तुरा निघतो. काडी कोंवळी असेल आणि हवा उबदार व दमट असेल, तर त्याच डोळ्यांतून तांबूस पालवी फुटते. म्हणजे सफरचंदाला थंडी झोंप पुरी करण्यास हवी, आणि ऊब जागें करण्यास; आपल्या आंब्याला थंडी हीच फुलण्याची हांक होय.

हा भेद ध्यानांत आला म्हणजे सौम्य हिंवाळ्यानें आपल्याकडे काय होतें, हेंहि उलगडतें. थंड मुलुखांत सौम्य हिंवाळा मोहोर लवकर आणतो. कोंकणांत तो मोहोर तोडून-तोडून आणतो. पाऊस वेळेवर थांबला आणि कार्तिकांत चार रात्री गार पडल्या, तर ज्या काड्या पक्व आहेत तेवढ्याच मोहोरतात. पुढें डिसेंबर उबदार गेला तर बाकीचे डोळे गप्प राहतात किंवा पालवी टाकतात. जानेवारींत थंडी पुन्हां आली कीं दुसरा हप्ता, फेब्रुवारींत आली तर तिसरा. एकाच झाडावर एका फांदीस सुपारीएवढीं फळें, दुसरीस नुकता फुललेला तुरा, तर तिसरीस कोंवळी पालवी, असा देखावा अशा वर्षीं दिसतो. औषध कोणत्या दिवशीं मारावें, पाणी केव्हां द्यावें, कशाचाच मेळ बसत नाहीं. एकाची वेळ साधावी तर दुसऱ्याची चुकते.

यांत परतीच्या पावसाची भर पडते. ऑक्टोबर अखेरपर्यंत किंवा त्यापुढेंहि पाऊस रेंगाळला तर ऐन मोहोराच्या तोंडावर नवी पालवी फुटते, आणि ती पक्व होईपर्यंत त्या काडीच्या मोहोराची आशा लांबते.

पुनर्मोहोर म्हणजे काय

कोंकणच्या किनाऱ्यावर सहसा दंव गोठत नाहीं. तेव्हां मिशिगनसारखी फुलें एका रात्रींत काळीं पडण्याची भीति आपणांस नाहीं. आपला धोका निराळा असून तो हळूहळू येतो, म्हणून तो ओळखूंहि येत नाहीं. नोव्हेंबर-डिसेंबरांत आलेल्या मोहोरास फळ धरलें, कणी वाटाण्याएवढी, पुढें सुपारीएवढी झाली. अशांत जानेवारी-फेब्रुवारींत रात्रींचा पारा १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालीं उतरून कांहीं दिवस तेथेंच राहिला, तर झाडाला फुलण्याची हांक पुन्हां ऐकूं येते. जी फांदी फळें पोसत असते, तिच्यावरच जुन्या तुऱ्याच्या बुडाशीं नवे डोळे फुगतात आणि नवा मोहोर बाहेर पडतो. यासच पुनर्मोहोर म्हणतात.

नवा मोहोर जोरकस असतो. झाडाचें अन्न तो आपल्याकडे ओढून घेतो, आणि आधींची लहान फळें पिवळीं पडून गळूं लागतात. अज्ञ मनुष्य नवा मोहोर पाहून खूष होतो. त्याला वाटतें, पीक दुप्पट येणार. वास्तविक नव्यानें जुन्याचा घास काढून घेतलेला असतो. शिवाय थंडींत तयार झालेल्या तुऱ्यांत नर फुलेंच फार व संयुक्त फुलें थोडीं असतात. फळ काय तें संयुक्त फुलासच धरतें. हापुसांत अशीं फुलें मुळांतच कमी. त्यांत रात्री फार गार पडल्या तर परागाचें कामहि नीट होत नाहीं. म्हणून जुनीं फळें गळालीं, आणि नव्या मोहोरास फळ धरलें नाहीं, असें दुहेरी नुकसान होतें. जें थोडें धरतें तें मे महिन्याच्या अखेरीस तयार होतें, तेव्हां बाजारभाव उतरलेला असतो व पावसाळा दाराशीं आलेला असतो.

आमची ठोकर

ही सर्व माहिती आम्हांस आधीं असती तर पुढील प्रसंग टळता. २०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या चाळीस कलमांपैकीं सुमारें पंचवीस कलमें मोहोरलीं. त्या वेळीं आम्ही नोकरींत होतों व बाग धाकटा भाऊ पाहत असे. सुटीस गांवीं गेलों, तों तुरे पाहून आमचें भान हरपलें. एका व्यापाऱ्यानें मार्चअखेर शंभर पेट्या देण्याच्या बोलीवर साठ हजार रुपये बयाणा पुढें केला. भाऊ म्हणाला, "दादा, कणी धरूं दे, मग बोलूं." आमच्या बागेचा वृद्ध राखणदारहि म्हणाला, "भाऊसाहेब, माघांतली थंडी अजून जायची आहे. आत्तांच शब्द देऊं नका." आम्हीं दोघांचेंहि ऐकलें नाहीं. भावाच्या मुलीच्या शिक्षणाचें शुल्क भरावयाचें होतें, आणि आपण थोरले असून एक व्यवहार चोख केला, असें दाखविण्याची हौसहि होती. बयाणा घेतला व खर्चून टाकला.

फळ चांगलें धरलें. जानेवारींत तें सुपारीएवढें होतें. २०१९ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रभर थंडीची लाट आली, ती वाचकांस आठवत असेल. महिन्याच्या अखेरीस आम्ही गांवीं गेलों तेव्हां झाडें नव्या मोहोरानें पांढरट दिसत होतीं आणि खालीं फळांचा सडा पडला होता. आम्हीं भावास नाहीं नाहीं तें बोललों. फवारणी चुकविली असशील, तुडतुडे माजले असतील, गड्यांवर लक्ष नसेल, असे आरोप केले. तो कांहींएक न बोलतां घरांत गेला व भिंतीवरची दिनदर्शिका आणून त्यानें आमच्यापुढें ठेवली. तीवर रोजच्या चौकटींत त्यानें पेन्सिलीनें दोन-दोन शब्द लिहिले होते: अमुक तारखेस फवारणी, अमुक तारखेस "थंडी फार", पुढें "जुन्या तुऱ्यापाशीं डोळे", त्यानंतर "बारीक गळ", "गळ वाढली". फवारण्या सर्व वेळेवर झाल्या होत्या. थंडी, नवे डोळे व गळ यांचा क्रम त्या कागदावर स्पष्ट होता. तीस वर्षें दुसऱ्यांचे कागद तपासणाऱ्या आम्हांला घरांतला कागद पाहण्याची बुद्धि त्यापूर्वीं झाली नाहीं!

मार्चअखेर सत्तावीस पेट्या झाल्या. उरलेल्या बयाण्याची रक्कम आम्हीं आपल्या भविष्यनिर्वाह निधींतून काढून परत केली. पैशाचें नुकसान दोन वर्षांत भरून आलें. भावास बोललेले शब्द मात्र परत घेतां आले नाहींत. त्यानें मन मोठें केलें, एवढेंच.

हातीं असलेले उपाय

थंडी आपल्या हातीं नाहीं, परंतु कांहीं गोष्टी आहेत. त्या क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट बयाण्याची. तुऱ्यावरून सौदा करूं नये. हजार फुलांमागें एखादें-दुसरेंच फळ शेवटास जातें, हें झाडाचें नेहमींचें प्रमाण आहे. तेव्हां तुरे मोजून पेट्या मोजणें म्हणजे पेरलेल्या दाण्यांवरून खळें मोजण्यासारखें होय. निदान माघ सरेपर्यंत व फळ सुपारीच्या पुढें जाईपर्यंत पेट्यांच्या संख्येचा शब्द देऊं नये. बाग कराराने देणें भागच असेल, तर आगाप फळ गळाल्यास रक्कम कशी फिरावी, हें कलम करारांतच लिहून घ्यावें.

दुसरी गोष्ट पुनर्मोहोर आंवरण्याची. झाडांत जिब्रेलिन नांवाचें वाढीचें द्रव्य असतें. तें अधिक असलें कीं मोहोर निघण्यास अडथळा होतो. याचाच उपयोग करून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठानें, ज्या बागेंत दरवर्षीं पुनर्मोहोर येतो तेथें, जिब्रेलिक आम्लाची दहा लक्ष भागांत ५० भाग या प्रमाणांत फवारणी करण्याची शिफारस केलेली आहे. म्हणजे २० लिटर पाण्यास १ ग्रॅम पडतें. त्याची पूड पाण्यांत सहज विरघळत नाहीं, म्हणून ती प्रथम थोड्या अल्कोहोलांत विरघळवून मग पाण्यांत मिसळावी. पहिली फवारणी झाडावर पुरेसा मोहोर येऊन तो फुलल्यावर, व दुसरी फळें वाटाण्याएवढीं झाल्यावर करावी. "पुरेसा" हा शब्द महत्त्वाचा आहे. झाडाच्या चार-दोनच फांद्या मोहोरल्या असतां फवारा मारला, तर उरलेल्या फांद्यांचा मोहोरहि अडेल व आपण आपल्याच हातानें पीक रोखूं.

तिसरी गोष्ट पॅक्लोब्युट्राझोलची, ज्यास आपले लोक "कल्टार" या नांवानें ओळखतात. हें औषध झाडांतील जिब्रेलिन कमी करतें व त्यामुळें मोहोर लवकर आणतें. तें १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरास ३ मिलिलिटर या हिशेबानें मुळांशीं देण्याची शिफारस आहे. त्याचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सगळी बाग एकदम आगाप करणें म्हणजे सगळे पैसे एकाच पेढींत ठेवणें होय. आमचा स्वतःचा प्रघात असा, कीं जोमदार व वयानें पोक्त अशा तिसऱ्या हिश्श्याच्या झाडांसच तें द्यावयाचें, त्यांस खत भरपूर घालावयाचें, आणि बाकीचीं झाडें आपल्या गतीनें फुलूं द्यावयाचीं. थंडीनें एक हिस्सा गांठला तरी दुसरा उभा राहतो. लहान किंवा अशक्त कलमांस हें औषध देऊं नये.

चौथी गोष्ट पाण्याची. फळ वाटाण्याएवढें झाल्यापासून दर कलमास १५० ते २०० लिटर पाणी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें तीन-चार वेळां दिल्यास गळ कमी होते. पाणी बुंध्याशीं न ओततां विस्ताराच्या कडेखालीं आळें करून द्यावें व वर वाळलेल्या गवताचें आच्छादन घालावें. कातळावरच्या बागेंत याचा गुण विशेष दिसतो. मोहोर येण्यापूर्वीं मात्र पाणी देऊं नये. तेणेंकरून पालवीस जोर येतो. फळ काढणीच्या सुमारें महिनाभर आधीं पाणी बंद करावें.

पांचवी गोष्ट किडीची. मोहोर तुटक आला म्हणजे तुडतुड्यांस व भुरीस चार महिने सारखा आसरा मिळतो. म्हणून शेजाऱ्यानें फवारलें म्हणून आपण फवारावें, असें न करतां दर आठवड्यास चार दिशांच्या फांद्या हातीं धरून पाहाव्या. मोहोर पूर्ण फुललेला असतां कीटकनाशक मारूं नये. माशा व मधमाशा याच वेळीं परागाचें काम करीत असतात. त्यांस मारणें म्हणजे बिनपगारी गड्यांस बागेंतून हांकून देणें होय.

सहावी गोष्ट विम्याची. हवामानावर आधारलेल्या फळपीक विमा योजनेंत कमी तापमान, अवेळीं पाऊस, अधिक तापमान इत्यादि कारणें धरलेलीं आहेत. परंतु भरपाई आपल्या बागेंतील गळ पाहून मिळत नाहीं. महसूल मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रावर ठराविक दिवसांत पारा किती उतरला, यावरून ती ठरते. म्हणून अर्ज भरतांनाच त्या वर्षीच्या अटी, तारखा व अंश नीट वाचून घ्यावे, आपलें गांव कोणत्या केंद्रास जोडलें आहे हें विचारून ठेवावें, आणि सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद बरोबर आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. नोंद नसल्यामुळें खऱ्या माणसाचा अर्ज परत जातो, हें आम्हीं नोकरींत अनेकदां डोळ्यांनीं पाहिलें आहे.

मोहोरवही

सर्वांत शेवटीं, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, गोष्ट लिहून ठेवण्याची. जमिनीचा गांव नमुना सात व बारा आपण जपून ठेवतों. त्यांत झाडें किती हें असतें. तीं फुललीं केव्हां हें नसतें. तें आपलें आपणच लिहिलें पाहिजे.

अशा नोंदीचें मोल किती, याचा एक दाखला जपानांतला आहे. तेथें क्योतो शहरांत चेरी केव्हां फुलली, हें राजदरबारांतील मंडळी व भिक्षु आपल्या रोजनिशींत लिहीत असत. त्या नोंदी जुळवून इ. स. ८१२ पासूनच्या तारखा लावण्यांत आल्या आहेत. त्यांत १४०९ सालची २७ मार्च ही पूर्ण फुलोऱ्याची सर्वांत आगाप तारीख होती. २०२१ सालीं चेरी २६ मार्चलाच पूर्ण फुलली. बाराशे वर्षांत असें घडलें नव्हतें, हें छातीठोकपणें सांगतां आलें तें त्या लिहिणाऱ्यांमुळें. ते कांहीं शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनीं फूल पाहिलें आणि तारीख टाकली, एवढेंच.

आपली वही यापेक्षां अवघड नाहीं. प्रत्येक कलमास क्रमांक द्यावा. त्यापुढें रकाने आंखावे: पालवी केव्हां आली, डोळे केव्हां फुगले, पहिलें फूल केव्हां उमललें, झाडाचा किती चौथा हिस्सा मोहोरला, कणी केव्हां धरली, नवा मोहोर आला काय व केव्हां, गळ केव्हां लागली, आणि अखेर फळें किती उतरलीं. दुसऱ्या पानावर रोजचें किमान तापमान, पाऊस व फवारणी. कमाल-किमान तापमापक फार महाग नसतो. तो झाडाच्या सावलींत, छातीएवढ्या उंचीवर, ऊन व पाऊस लागणार नाहीं असा टांगावा आणि रोज सकाळीं एकाच वेळीं वाचावा. एक-दोन वर्षांत या वहीचा उपयोग दिसणार नाहीं. पांच वर्षांनीं मात्र आपल्या बागेंत कोणत्या बाजूचीं झाडें आगाप येतात, पारा किती दिवस खालीं राहिला म्हणजे नवे डोळे फुगतात, व त्यानंतर गळ किती दिवसांनीं लागते, हें आपलें आपणांस कळूं लागेल. आमच्या बागेंत उताराच्या तळचीं नऊ कलमें पुनर्मोहोरास विशेष बळी पडतात, हें आम्हांस वहीनेंच शिकविलें. जिब्रेलिनची फवारणी आतां आम्ही तेथें न चुकतां करतों, आणि कल्टार तेथें मुळींच देत नाहीं.

हवेचें मान बदलत चाललें आहे, हें आतां कोणी नाकारीत नाहीं. वडिलांच्या वेळचे आडाखे जसेच्या तसे उपयोगी पडत नाहींत. नवे आडाखे बसविण्यास नव्या नोंदी लागतात, आणि त्या मुंबईंत किंवा दिल्लींत बसून कोणी आपल्या बागेसाठीं लिहिणार नाहीं. आपल्या संघाच्या प्रत्येक सभासदानें येत्या दिवाळीपासून अशी एक वही घातली व वर्षअखेर ती इतरांस दाखविली, तर साऱ्या गांवाचा मिळून एक भरंवशाचा दप्तर तयार होईल.

आमच्या घरीं हें काम भाऊच करतो. अक्षर त्याचें आमच्याहून वाईट आहे, परंतु तारीख चुकत नाहीं. दरवर्षीं पहिला तुरा दिसला कीं तो आम्हांस बोलावतो, आणि आम्ही तो पाहून आनंदहि मानतों. मात्र बयाण्याची गोष्ट कोणी काढली, तर भावाकडे बोट दाखवून म्हणतों, "वही त्याच्यापाशीं आहे, माघ सरल्यावर या." वाचकांनींहि तसेंच करावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.